एलईडीवाल्यांना दंड नेमका झोंबतो कुठे?

खाडीकिनारा
विषय एकच: बेकायदा मासेमारीला सरकारने कोणती शिक्षा दिली तर ती लागू पडते? दोन टोकं समोर ठेवतो.

एक आपलं. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्यात पूर्वी दंड मासळीच्या किमतीवर बेतलेला, म्हणजे माल कमी दाखवला की दंडही किरकोळ. २०२१ च्या दुरुस्तीने रकमा ठरवून दिल्या. विनापरवाना मासेमारी ५ लाखांपर्यंत. पर्ससीन (म्हणजे पर्सनेट) आणि रिंगसीन या थव्याला वेढणाऱ्या जाळ्यांचे नियम मोडले तर १ ते ६ लाख. एलईडी (प्रखर दिवे लावून मासा जमवणं) किंवा बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं) ५ ते २० लाख. परराज्यातली बोट आपल्या हद्दीत सापडली तर २ ते ६ लाख, वर मासळीच्या किमतीच्या पाचपट.

दुसरं टोक बाहेरचं. ९ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेच्या अर्थखात्याने बेकायदा मासेमारी आणि खलाशांचे हाल या कारणांवरून दोन चिनी व्यावसायिक, त्यांच्या कंपन्या आणि चीनचा झेंडा लावलेली १५७ जहाजं निर्बंधांच्या यादीत टाकली. दंड एक डॉलरचाही नाही. फक्त त्यांच्याशी कोणत्याही अमेरिकी माणसाने, बँकेने, कंपनीने व्यवहार करायचा नाही.

आपल्याकडे २० लाखांची भीती दाखवूनही काळोखात समुद्र उजळलेला दिसतोच. मग कमी काय पडतंय? रक्कम, की दुसरं काही? राजकारण नको, पद्धत आणि आकडे लिहा.

डोलवाला
आधी एलईडी चालते कशी ते नीट मांडू, म्हणजे दंड कुठे निसटतो ते कळेल.

काम दोन बोटींत वाटलेलं असतं. एक दिव्याची बोट. तिच्यावर जनरेटर, काठीवर वा बाजूला लावलेल्या दिव्यांच्या पाट्या, कधी पाण्यात सोडायचे दिवे. तिच्यात जाळं नसतं, मासळीही नसते. ती नांगर टाकून दिवे लावते आणि वाट बघते. उजेडाला आधी बारीक जीव येतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, माकूल. थवा घट्ट झाला की दिवे कमी करत आणतात, म्हणजे मासा आणखी आत सरकतो. मग दुसरी बोट, पर्सनेटवाली, भोवती फेरा मारून जाळं टाकते आणि खालची दोरी ओढून तळ बंद करते. मासळी तिच्या पोटात जाते. तिच्यावर दिवा एकही नसतो.

आता गस्तीवाले आले. दिव्याची बोट म्हणते, आम्ही कुठे मासे धरले? पर्सनेटवाली म्हणते, आमच्याकडे दिवा दाखवा. दोघांना एकाच वेळी, एकाच जागी पकडलं नाही तर कागद लुळा पडतो.

अजून एक. पौर्णिमेच्या आसपास हा धंदा चालत नाही. चंद्राचा उजेड पसरला की दिव्याला मासा जमत नाही. सगळा खेळ काळोख्या पंधरवड्याचा, अमावास्येच्या पाच-सहा दिवस आधी आणि तितकेच नंतर. गस्तीचं वेळापत्रक महिनाभर सारखं वाटून देणं म्हणजे अर्धं डिझेल चांदण्यात जाळणं.

नस्तीबहाद्दर
डोलवालांनी म्हटलं ते बरोबर, पण कायदा इतकाही भोळा नाही. केंद्राचा १० नोव्हेंबर २०१७ चा आदेश आहे. त्यात पाण्यावरचा किंवा पाण्याखालचा दिवा, मासे ओढणारी कोणतीही उजेडाची सामग्री, जनरेटरसह किंवा त्याशिवाय, वापरायला बंदी आहे. म्हणजे दिव्याच्या बोटीवर मासळी सापडलीच पाहिजे असं नाही. गोची दुसरीकडे होते. ती पंचनाम्यात.

कारवाईचा प्रवास असा: बोट अडवायची, जागेवर पंचनामा, बोट धक्क्यावर आणायची, मासळी नाशवंत म्हणून लगेच लिलाव करून रक्कम जमा करायची, मग प्रकरण अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे दंड ठरवणाऱ्यापुढे. दुरुस्तीपूर्वी हे काम तहसीलदाराकडे होतं. त्यांच्या टेबलावर सातबारा, निवडणूक, टंचाई आणि मग कधीतरी मासेमारी. आता ते मत्स्यव्यवसाय खात्याच्याच सहायक आयुक्तांकडे आहे. हा बदल दंडाच्या रकमेपेक्षा मोठा, असं माझं मत.

पंचनाम्यात चुका होतात त्या ठरावीक.

जागा. जीपीएसवर दिसतं "१८ अंश ५४.३० मिनिटे". लिहिणारा लिहितो १८.५४३०. ही दशांश अंशातली नोंद समजली तर बोट दक्षिणेला जवळजवळ पावणेबावीस सागरी मैल सरकते, कारण खरी किंमत १८.९०५ आहे. आणि कोणी "५४ मिनिटे ३० सेकंद" असं लिहिलं तर फरक ०.२ सागरी मैल, म्हणजे ३७० मीटर. हद्दीच्या काठावरच्या प्रकरणात एवढाही फरक बोट सोडवायला पुरतो. उपाय साधा आहे: जीपीएसच्या पडद्याचा फोटो, त्यातच तारीख-वेळ दिसेल असा. पंचनाम्यात आकडा पडद्यावर दिसतो तसाच उतरवायचा, स्वतः रूपांतर करायचं नाही.

अंतर. राज्याची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे २२.२२ किलोमीटर, पण ते मोजायचे सरकारने ठरवलेल्या आधाररेषेपासून. "वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून अमुक मैल" असं लिहिलेला कागद समोरचा वकील पहिल्या दहा मिनिटांत फाडतो.

ओळख. नंबरावर जाळं टाकलेलं, ताडपत्री सोडलेली, नाहीतर रंग फासलेला. अशा वेळी इंजिनाचा नंबर घ्यायचा. तो नोंदणीच्या कागदावर असतो आणि रात्रीतून बदलता येत नाही.

सामग्री. "दिवे जप्त" असं मोघम नको. किती दिवे, किती वॅटचे, जनरेटर कुठला, किती केव्हीएचा, त्याचा क्रमांक, वायर दिव्यांना जोडलेली होती की गुंडाळून ठेवलेली. हे शेवटचं फार महत्त्वाचं. डेकवर चालायला उजेड प्रत्येक बोटीला लागतो आणि बचावात हेच पुढे येतं.

खाडीकिनारा
नस्तीबहाद्दर, समुद्रात रात्री लाटांवर हे सगळं लिहायचं कोणी? गस्ती नौकेवर किती माणसं असतात?

नस्तीबहाद्दर
म्हणूनच छापील तक्ता जवळ ठेवायचा, रिकाम्या जागा भरायच्या. आणि पंच बोटीवरचे दोन खलाशी नकोत. ते मालकाचेच, पुढे फिरतात.

काळोखी
जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन सुरू आहेत. त्याचा उपयोग आणि मर्यादा दोन्ही सांगतो.

उपयोग असा की ड्रोनने जागा, वेळ आणि चित्र एकाच फाइलीत मिळतं. वर नस्तीबहाद्दरांनी सांगितलेली अंश-मिनिटांची गफलत तिथे होत नाही. दिव्याची बोट आणि पर्सनेटवाली एका चौकटीत आली तर डोलवालांच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं.

मर्यादा अशी की वारा, अंतर आणि नंबर. रात्री वरून बोटीचा नंबर वाचता येत नाही. उजेडाचा गोळा दिसतो, बोट कोणाची ते नाही. म्हणून ड्रोनचं चित्र आणि धक्क्यावर सकाळी लागलेली बोट यांची सांगड घालायला तिसरं काहीतरी लागतं, ते म्हणजे ट्रान्सपॉन्डर, बोटीची जागा कळवत राहणारं यंत्र. त्याच्या नोंदीवरून पहाटे दोनला त्या जागी कोण होतं ते कळतं. बोटीवाले तो बंद करतात हे खरं. पण अमावास्येच्या प्रत्येक रात्री ज्याचा ट्रान्सपॉन्डर "नादुरुस्त" होतो त्याची यादी काढायला समुद्रात जावं लागत नाही.

वरळीची_वाव
तांत्रिक बाजू छान चालली आहे, पण मूळ प्रश्न रकमेचा होता. हिशोब करू. आकडे मी समजण्यापुरते धरतो आहे.

एका रात्री ६ टन बांगडा, किलोला ८० रुपये. झाले ४ लाख ८० हजार. काळोख्या पंधरवड्यात ८ रात्री लागल्या तर ३८ लाख ४० हजार. आता धरा की ५० रात्रींत एकदा पकडला जातो आणि १० लाख दंड होतो. म्हणजे रात्रीमागे दंड पडला २० हजार. डिझेल आणि बर्फाच्या खर्चात हा एक रकाना वाढला, एवढंच. दंड दुप्पट केला तरी रात्रीमागे ४० हजार. पकडण्याचं प्रमाण ५० ला एकवरून १० ला एक केलं तर मात्र तोच १० लाखांचा दंड रात्रीमागे १ लाख होतो.

म्हणून रक्कम वाढवत नेण्यात अर्थ थोडा. सापडण्याची शक्यता वाढवा किंवा शिक्षा अशी द्या जी खर्चात मांडता येत नाही.

डोलवाला
खर्चात मांडता येत नाही अशी शिक्षा म्हणजे परवाना. दिवस गेले की पैसे टाकून परत येत नाहीत.

पण तारीख बघून द्या. पर्ससीनचा हंगाम ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, १२२ दिवसांचा. त्यात ६० दिवस परवाना निलंबित केला तर अर्धा हंगाम गेला. तेच निलंबन मे अखेरीस सुरू केलं तर १ जून ते ३१ जुलै बंदी असतेच, ६१ दिवसांची. सगळ्या बोटी ओढून घेतलेल्या, हा पण ओढून बसला. कागदावर शिक्षा झाली, प्रत्यक्षात पावसाळ्याची सुट्टी.

गेटपास
निर्यातीच्या बाजूने बघितलं तर शिक्षा आधीच चालू आहे. फक्त ती बोटीला न लागता मालाला लागते.

युरोपियन युनियनचा बेकायदा मासेमारीविरोधी नियम १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. तिकडे समुद्री मासळी पाठवायची तर पकड प्रमाणपत्र, म्हणजे मासळी कायदेशीर पकडल्याचा दाखला लागतो. आपल्याकडे तो एमपीईडीए (केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण) देते. निर्यातदार अर्जात बोटीचा नोंदणी क्रमांक, धक्का, उतरवल्याची तारीख, जात आणि वजन लिहितो. ही माहिती बंदरावर घेतलेल्या नोंदींशी जुळवली जाते.

अडतं कुठे? ससून डॉकला लिलावात माल घेताना पाच बोटींचा माकूल एकाच टबात येतो. व्यापाऱ्याला कुठल्या बोटीचा किती हे माहीतच नसतं. मग कागद भरताना अंदाजे दोन-तीन नंबर टाकतात. त्यातला एखादा नंबर त्या दिवशी धक्क्याला लागलेलाच नसतो. किंवा लहान बोटीच्या नावावर तिच्या बर्फाच्या कप्प्यात मावणार नाही इतकं वजन चढतं. किंवा उतरवल्याची तारीख बंदी काळात पडते. अर्ज तिथेच थांबतो आणि कंटेनर शीतगृहात भाडं खात बसतो.

१० जानेवारी २०२६ पासून युरोपने हे कागद ऑनलाइन प्रणालीत भरणं सक्तीचं केलं आहे. कागदावर चाललेली "समजून घ्या हो" पद्धत संगणकात चालत नाही. त्यामुळे लिलावात बोटीनुसार टब वेगळे ठेवणं आणि टबावर चिठ्ठी लावणं, एवढं साधं काम आता पैशाचं झालं आहे.

आणि ज्या बोटीवर एलईडीचं प्रकरण चालू आहे तिचा नंबर प्रमाणपत्रासाठी बाद धरला तर? व्यापारी स्वतःहून त्या बोटीचा माल टाळेल. दंड वसूल करायला कोणाला जावं लागणार नाही.

वरळीची_वाव
बांगडा-तारली मुख्यतः इथेच खपते किंवा फिशमीलला (मासळीच्या भुकटीला) जाते. युरोपच्या कागदाचा त्यांना काय धाक?

गेटपास
मान्य. माकूल, कोळंबी यांना धाक, तारलीला नाही. म्हणून म्हटलं ही शिक्षा मालाला लागते.

पाचवा_बोया
गेटपास ज्या युरोपच्या नियमाबद्दल बोलतात त्याची खरी ताकद पिवळ्या आणि लाल कार्डात आहे. कार्ड बोटीला नाही, देशाला मिळतं. पिवळं म्हणजे ताकीद, सुधारा. लाल म्हणजे तुमच्या झेंड्याखाली पकडलेली मासळी युरोपात बंद.

थायलंडला एप्रिल २०१५ ला पिवळं मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी मासेमारीचा नवा कायदा आणला, ३० टनेजवरच्या बोटींना उपग्रहाने माग ठेवणारं यंत्र सक्तीचं केलं आणि बंदरावर येता-जाता तपासणी केंद्रं उभी केली. बोट निघताना खलाशी किती, परतताना किती, हेसुद्धा मोजतात. कार्ड जानेवारी २०१९ ला उठलं. श्रीलंकेला लाल मिळालं, २०१५ च्या सुरुवातीपासून युरोपची दारं बंद झाली आणि २०१६ च्या जूनमध्ये उघडली. व्हिएतनामला ऑक्टोबर २०१७ ला पिवळं मिळालं, ते वर्षानुवर्षं सुटलेलं नाही. कंबोडियाला २०१४ पासून लालच आहे आणि त्यांना फारसं काही वाटत नाही, कारण युरोपला त्यांची समुद्री मासळी जायचीच किती!

या शिक्षेचं गणित असं: ज्याला तो बाजार हवा आहे त्यालाच ती लागते.

दुसरी पद्धत एकेका जहाजाला काळ्या यादीत टाकायची. दक्षिण महासागरात टूथफिश पकडणारं "थंडर" नावाचं जहाज होतं. इंटरपोलची नोटीस, काळ्या यादीत नाव, तरी चालूच. डिसेंबर २०१४ पासून एका स्वयंसेवी संस्थेच्या जहाजाने ११० दिवस पाठलाग केला. त्याच संस्थेच्या दुसऱ्या जहाजाने थंडरने टाकून दिलेलं ७२ किलोमीटर जाळं समुद्रातून ओढून काढलं. पाठलाग चालू असतानाच नायजेरियाने आपला झेंडा काढून घेतला. शेवटी एप्रिल २०१५ ला जहाज साओ तोमेजवळ बुडालं, आणि त्याच वर्षी कप्तान आणि दोघा अधिकाऱ्यांना मिळून दीड कोटी युरोहून जास्त दंड झाला. जहाज तळाला गेलं, तरी जाळं पुरावा म्हणून उरलं.

जहाज नाव आणि झेंडा बदलतं, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) बदलत नाही. सात आकडी असतो आणि शेवटचा आकडा तपासणीचा. पहिल्या सहांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा एकम म्हणजे सातवा आकडा. ९०७४७२९ घ्या: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, म्हणून शेवटी ९. कोणी खोटा क्रमांक रंगवला असेल तर बरेचदा इथेच सापडतो.

खाडीकिनारा
हे भारी आहे. पण आपल्या ४५-५० फुटी बोटींना आयएमओ क्रमांक कुठला?

पाचवा_बोया
नाहीच. तो मोठ्या आणि देशाच्या पाण्याबाहेर जाणाऱ्या बोटींसाठी. आपल्याकडे ते काम आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक करतो. पण त्यात असा तपासणीचा आकडा नाही. रंगाचा डबा आणि ब्रश पुरतो.

नस्तीबहाद्दर
१२ मैलांच्या बाहेरचा मुद्दा राहिला. राज्याचा कायदा तिथे संपतो. पुढे २०० मैलांपर्यंत केंद्र. परदेशी बोटींसाठी १९८१ चा केंद्रीय कायदा आहे आणि तो कडक: प्रादेशिक समुद्रात विनापरवाना सापडली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, त्याच्या पुढे १० लाखांपर्यंत दंड. पण आपल्याच बोटीने १५ मैलांवर दिवे लावले तर? २०१७ चा बंदी आदेश होता, मात्र त्यामागे दंडाची तरतूद असलेला केंद्रीय कायदा नव्हता. त्यामुळे तेराव्या मैलावर दिवे लावायचे आणि मासळी आत आणायची, असा उघड रस्ता होता.

४ नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी तो अरुंद केला. यांत्रिक बोटींना आणि मोठ्या मोटारबोटींना त्या पाण्यात जायचं तर रिअलक्राफ्ट या बोटनोंदणीच्या पोर्टलवरून प्रवेश पास घ्यावा लागतो. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट आहे. एलईडी, जोडीने ओढायचा ट्रॉल, बुल ट्रॉलिंग या सगळ्यांना नियमातच बंदी. पास हवा तर नोंदणी नीट हवी, आणि दुसऱ्याच्या नावावरच्या नोंदणीवर बोट चालवणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

वरळीची_वाव
१२ च्या आतच सगळं ठीक आहे असं समजू नका. २०१६ च्या आदेशात पर्सनेटची लांबी ५०० मीटर, खोली ४० मीटर, आस (जाळ्याचं भोक) किमान २५ मिलिमीटर ठरवली. परवाने कमी करत १८२ वर आणायचे ठरले. ५०० मीटर म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा: गोल केला तर व्यास १५९ मीटर, आत जवळजवळ दोन हेक्टर पाणी. आणि ५०० चं जाळं धक्क्यावर पसरून मोजायला कोणाला जागा आहे? गुंडाळलेल्या ढिगाकडे बघून "अंदाजे ५००" लिहितात. मोजायचं तर वरच्या दोरीवरचे बोये मोजा. दोन बोयांतलं अंतर मोजून घ्या, बोये मोजा, गुणा. दहा मिनिटांचं काम.

काळोखी
आस मोजतानाही हाच घोळ. कोरड्या जाळ्यावर मोजतात, ढिलं धरून मोजतात. ओलं जाळं घ्या, ताण द्या, सलग २० आस मोजा आणि सरासरी काढा. एकाच आसावर गुन्हा दाखल केला तर बचाव पक्ष शेजारचा आस दाखवतो.

ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) खोळीत, म्हणजे मासा साठतो त्या शेपटाकडच्या पिशवीत, तर आसाचा आकारही बघायला हवा. शंकरपाळीसारखा आस ओढताना ताणाने मिटतो. नुसता मिलिमीटरचा आकडा बरोबर असला तरी पाण्यात त्याची नुसती फट राहते. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात.

गेटपास
पिल्लांवरून आठवलं. २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवली आहे. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. राज्यमासा जाहीर केला आणि बाजारात तळहाताएवढाच मिळतो, ही थट्टा कोणी केली माहीत नाही.

पंचनाम्यात नुसतं "लहान मासे" लिहू नये. पापलेटची शेपटी दुभंगलेली असते. टोकापर्यंत मोजलं की दुभंगापर्यंत, यावर लांबी बरीच बदलते. कोणती लांबी मोजली ते लिहा, आणि मोजपट्टी ठेवून फोटो घ्या.

वरळीची_वाव
डोलवाला, राग मानू नका, पण पापलेटची पिल्लं तुमच्या डोल जाळ्यातही मरतात. खोळीचा आस बघा.

डोलवाला
राग नाही, खरं आहे. डोल प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, निवड करत नाही. जवळा, करंदी धरायची तर खोळ बारीक लागते आणि त्यात पापलेटचं पिल्लू येतं. उधाणाला पाण्याचा जोर असतो तेव्हा जास्त, भांगाला कमी. म्हणून पिल्लांच्या महिन्यात डोलीला सूट नको, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. फरक एवढाच की डोल जागेवर रोवलेली असते. मासा तिच्याकडे आला तर आला. ती दिवे घेऊन त्याच्या मागे जात नाही.

पण नियम लावायचा तर दोघांनाही लावा, हे मान्य.

पाचवा_बोया
कासवांचा मुद्दा आला नाही अजून. परदेशी निर्बंध आपल्या बोटींवर थेट पडले त्याचं हे उदाहरण. अमेरिकेच्या कायद्यानुसार, कासव सुटायचं साधन न वापरणाऱ्या देशातली समुद्रातली कोळंबी त्यांच्याकडे जात नाही. २०१९ पासून भारताची समुद्री कोळंबी तिकडे बंद झाली. तळ्यात वाढवलेली वनामी कोळंबी चालू राहिली, तिच्यासोबत फक्त डीएस-२०३१ नावाचा फॉर्म जातो. म्हणजे शिक्षा बसली ती ट्रॉलवाल्याला, ज्याने अमेरिका कधी बघितली नाही.

हे साधन, टीईडी, म्हणजे जाळ्याच्या गळ्यात, खोळीच्या आधी बसवलेली तिरपी जाळी. कोळंबी गजांमधून आत जाते, कासव गजावर आपटून वरच्या झडपेतून बाहेर. अमेरिकी मापाने दोन गजांतलं अंतर ४ इंचांपेक्षा जास्त नको, तिरकसपणा ३० ते ५५ अंशांत. कोन फार उभा झाला की कचरा गजावर अडकतो आणि कासव सरकत नाही. फार आडवा झाला की झडप उघडी राहून कोळंबी निसटते, आणि मग मालक म्हणतो "हे यंत्रच वाईट". जाळं ताणलं की कोन बदलतो, म्हणून काही फेऱ्यांनंतर जाळं टांगून पुन्हा मोजावं लागतं. जाळीला बोये कमी बसवले तर ती तळाला घासते.

तपासणीत सर्वांत आधी काय बघायचं? झडप. ती दोरीने शिवून टाकलेली असते.

आपल्या कायद्यात टीईडी न बसवल्यास १ ते ५ लाख. शिवलेली झडप म्हणजे न बसवल्यासारखंच धरावं, हे आदेशात स्पष्ट लिहिलं तर वाद उरणार नाही.

खाडीकिनारा
वाचून असं दिसतंय की बाहेरचे निर्बंध मोठ्या मालकापेक्षा सगळ्या बंदराला लागतात, आणि आतला दंड पकडलेल्या एकाला लागतो, तोही वकिलाच्या फीसारखा. मधली वाट कोणती?

नस्तीबहाद्दर
मधली वाट डिझेल. यांत्रिक बोटीला राज्याच्या विक्रीकराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळतो. बोट संस्थेची सभासद, कागद संस्थेचे, यादी संस्थेची. दोषी ठरलेल्या बोटीचा परतावा थांबवायला समुद्रात जावं लागत नाही, एका पत्राने होतं.

जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांवरचा करार याच धर्तीचा आहे: बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटीला अनुदान नाही. तो १५ सप्टेंबर २०२५ ला अमलात आला.

वरळीची_वाव
संस्थेचं पत्र संस्थेचा अध्यक्ष देणार. अध्यक्षाच्या भावाची बोट दिव्याची. पुढे?

नस्तीबहाद्दर
म्हणून पत्र संस्थेने द्यायचं नाही, अभिनिर्णयाच्या आदेशातच लिहायचं: दंड इतका, परवाना अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत निलंबित, त्या काळातला डिझेल परतावा बंद. आदेशाची प्रत संस्थेला, प्रत परवाना अधिकाऱ्याला. तीन गोष्टी एका कागदावर आल्या की अपिलात एक सुटली तरी बाकीच्या राहतात.

डोलवाला
खलाशांचं पण बघा. परवाना साठ दिवस बंद झाला की मालक दुसऱ्या बोटीवर जातो. बोटीवरचे दहा-पंधरा जण, बरेचसे डहाणू-पालघरकडचे, पगार बुडवून घरी. निलंबनाच्या आदेशात खलाशांचा थकलेला पगार मालकाने द्यावा अशी अट टाकली तर तेच उद्या दिव्याच्या बोटीवर चढताना विचार करतील आणि साक्षही देतील.

खाडीकिनारा
शेवटचा प्रश्न, मग धागा थांबवू. बंदरावरून एखाद्या बोटीची तक्रार करायची तर काय लिहायचं म्हणजे खात्याला उपयोग होईल?

काळोखी
तारीख आणि वेळ, मिनिटासकट. तुम्ही उभे होता ती जागा, आणि तिथून उजेड कोणत्या दिशेला, ते होकायंत्राच्या अंशात. फोनमध्येही होकायंत्र असतं, पण लोखंडी रेलिंगजवळ ते बहकतं, दोन पावलं दूर धरा. एकाच वेळी दोन वेगळ्या जागांवरून दोघांनी दिशा घेतली, समजा मढ आणि जुहू, तर नकाशावर दोन रेषा ओढून जिथे छेदतात तिथे बोट. एकट्याच्या दिशेवरून अंतर कळत नाही. उजेड किती वेळ स्थिर होता आणि कधी मंद झाला तेही लिहा. मंद झाला म्हणजे जाळं टाकायची वेळ, गस्तीने तिथे पोचायची वेळ तीच.

डोलवाला
आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर कोणती बोट भरलेली उतरली ते. दिव्याच्या बोटीचा नंबर मिळाला नाही तरी पर्सनेटवालीचा मिळतो.